उजव्या कानाची खुर्ची

गाण्यातलं मला काही कळत नाही. कळतं असं दाखवताही येत नाही, म्हणून अशा ठिकाणांपासून मी चार हात लांबच राहते. त्या गावाला गेले ती केवळ भाचीमुळे. तिने संगीत आणि कलांच्या तीन दिवसांच्या महोत्सवाची तिकिटं काढली, गावातच एका घरी खोली ठरवली आणि ऐन वेळी पाय मुरगाळून घेतला. "मावशी, तू तरी जा, नाहीतर सगळं फुकट जाईल," असं तिने फोनवर सांगितलं. फुकट जाणं हा शब्द माझ्यासमोर कुणी काढू नये. पस्तीस वर्षं मी वजनं-मापं तपासायच्या खात्यात काढली आहेत. दुकानदाराच्या काट्यात दहा ग्रॅमचा फरक सापडला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. निवृत्त झाले तरी ती खोड गेलेली नाही.

खोली पिठाच्या गिरणीच्या वर आहे, हे मात्र भाचीने सांगितलं नव्हतं. बसथांब्यावर मला घ्यायला गिरणीवाला स्वतः आला होता. पन्नाशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, भुवयांत पीठ बसलेलं ते बहुधा कायमचंच. तो इतक्या मोठ्याने बोलायचा की बसमधली माणसं खिडकीतून वाकून बघायला लागली. माझी बॅग उचलून तो माझ्या डाव्या बाजूने चालू लागला. वाटेत एक सायकल आली म्हणून मी पलीकडे सरले, तर हाही वळसा घालून पुन्हा माझ्या डावीकडे. असं दोनदा झाल्यावर मी कारण विचारलं. विचारायची मला सवय आहे; सरळ विचारलं की माणसं सहसा सरळ सांगतात.

त्याचा डावा कान गेलेला होता. गिरणीत उभं राहायची जागा ठरलेली, तिथे मोटार डाव्या हाताला येते. सव्वीस वर्षं त्या कानाशी मोटार घरघरत राहिली आणि कान कामातून गेला. "उजवा चांगला आहे अजून. तोही जाईल म्हणतात डॉक्टर. पण घाई नाही म्हणाले," असं त्याने मला सांगितलं, बस किती वाजता सुटते हे सांगावं तसं.

मला काळजी माझ्या झोपेची होती. गिरणी सकाळी किती वाजता सुरू होते, असं मी जरा कडक आवाजातच विचारलं. त्यावर त्याने दारावरची पाटी दाखवली. खडूने लिहिलेली, प्रत्येक अक्षराला जोर देऊन: "महोत्सवानिमित्त गिरणी तीन दिवस पूर्ण बंद."

ही पाटी म्हणजे त्या गावात मोठी बातमी होती, हे मला नंतर कळलं. महोत्सवाचं मैदान गिरणीच्या बरोबर मागे, फार तर दोनशे पावलांवर. कार्यक्रम चालू असताना गिरणी बंद ठेवा म्हणून समिती गेली आठ वर्षं त्याच्या मागे लागली होती. चार पत्रं झाली, दोन बैठका झाल्या. लोकांनी तीन दिवस पीठ खायचं नाही का, हा त्याचा एकच प्रश्न. गेल्या वर्षी बाहेरून आलेल्या एका व्हायोलिनवाल्याने मध्येच वादन थांबवलं आणि 'ते यंत्र थांबेपर्यंत मी बसून आहे' असं सांगून खरंच बसून राहिला. तेव्हाही यानं हातातलं पोतं संपवूनच खटका दाबला. तोच माणूस या वर्षी कुणी न सांगता पाटी लावून मोकळा झाला. मोटार जळली असेल, असं काही जण म्हणत होते. समितीने दम दिला असेल, असं काही जण. त्याला जाऊन विचारावं असं कुणालाच वाटलं नव्हतं.

मी विचारलं. संध्याकाळचा चहा घेताना, त्याच्या उजव्या बाजूला बसून.

तर हकिगत अशी. गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून पोती ठेवायची एक खोली आहे. चौदा वर्षांपूर्वी दळण होईपर्यंत थांबलेल्या बायका तिथे बसायच्या, आणि त्यातल्या कुणीतरी एकदा गुणगुणायला सुरुवात केली. गिरणीच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपली. घरी ज्यांनी कधी तोंडातून सूर काढला नव्हता, त्या इथे मोकळ्या गळ्याने गाऊ लागल्या. पुढे पुढे दळण नसलं तरी येऊ लागल्या, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, तीन ते पाच. पोस्टातली, शाळेतल्या बाई, शिवणकाम करणारी, अशा एकूण आठ जणी. त्यांतली एक गिरणीवाल्याची बायको, आणि ऐकणाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे तीच सगळ्यांत चांगली गाणारी.

ऐकणारे म्हणजे कोण, तर त्या सात जणी. कारण त्या गात त्या वेळी गिरणी चालू आणि गिरणीवाला भिंतीच्या अलीकडे, मोटारीशेजारी. घरी ती गात नसे. मी वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, नंतर विचारलं, तर त्या म्हणाल्या, "घरात कोण गातं ताई? घरात कामं असतात." त्याने एकदा-दोनदा आग्रह करून बघितला होता, तेव्हा त्या लाजून आत निघून गेल्या होत्या. लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण बायको गाते हे नवऱ्याला फक्त बाहेरून माहीत होतं.

या वर्षी समितीने पहिल्यांदाच गावातल्या कुणाला मोठ्या मंचावर बोलावलं, ते या आठ जणींना. रविवारी दुपारी चारला, वीस मिनिटं. म्हणून गिरणी बंद. समितीसाठी नाही आणि त्या व्हायोलिनवाल्यासाठी तर मुळीच नाही. त्याने मैदानावर जाऊन खुर्चीसुद्धा हेरून ठेवली होती: तिसरी रांग, डाव्या टोकाची. तिथे बसलं की मंच उजव्या कानाला येतो. शनिवारी सकाळीच तो तिच्यावर आपला निळा पंचा बांधून आला.

"ह्या कानाने एकदा तिला ऐकायचंय," तो म्हणाला. "आजूबाजूला काही नको. नुसती ती. मग जाऊ दे कान जायचा तेव्हा."

शनिवारी मी महोत्सव बघितला. शाळेच्या वर्गांत चित्रं लावली होती. एका वर्गात सगळी चित्रं निळी होती आणि चित्रकार स्वतः दाराशी उभा राहून प्रत्येकाला ती निळी का आहेत ते सांगत होता. पटांगणात एक कुंभार चाकावर मडकी करत होता, त्याच्याभोवती मात्र माणसं गप्प उभी होती. मी त्याची सहा मडकी डोळ्यांनी मोजून पाहिली. उंचीत बोटभराचाही फरक नव्हता. या माणसाला सरकारी नोकरीत घ्यायला हवं होतं असं मला वाटलं.

अकरा वाजता मोठ्या मंचावर माइकची चाचणी होती, म्हणून मी तिकडे गेले. आठही जणी इस्त्रीच्या कपड्यांत, परीक्षेला बसल्यासारख्या. गिरणीवाला आला नव्हता. ऐकायचं ते उद्याच, आधी उष्टं करायचं नाही, असं त्याचं म्हणणं. बरं झालं आला नाही.

पहिल्या ओळीला ठीक होतं. दुसऱ्या ओळीला कुणीतरी जरा वर गेलं, कुणीतरी खाली राहिलं, आणि कडवं संपेपर्यंत आठ जणी आठ ठिकाणी होत्या. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, तर या वेळी पहिल्याच ओळीला फुटल्या. गाण्यातलं कळत नाही म्हणाले तरी एवढं मलाही कळलं. ध्वनियंत्रांवर बसलेली मुलगी चांगली होती. तिने कीबोर्डवरून एक सूर धरून दिला आणि याच्यावर गा म्हणाली. दोन ओळी त्या त्याच्यावर राहिल्या, मग हळूहळू सगळ्याच त्याच्यावरून घसरून भलतीकडे गेल्या, आणि तो कीबोर्ड आणखीच परका वाटायला लागला. पोस्टातली बाई शाळेतल्या बाईंकडे बघत होती, शाळेतल्या बाई जमिनीकडे.

समितीचे एक गृहस्थ छातीवर बिल्ला लावून सगळीकडे फिरत असत. त्यांना मी मनातल्या मनात बिल्लेवाले म्हणत होते. ते हात चोळत पुढे आले आणि फार गोड बोलले. घाबरू नका, असं होतं, उद्या दुपारी बारापर्यंत मला फक्त सांगा, जमत नसेल तर त्या वेळेत कठपुतळीवाले दुसरा खेळ करायला तयार आहेत. माणूस वाईट नव्हता. पण गोड बोलण्याने त्या आठ जणींची जी दशा झाली, ती रागावून बोलल्याने झाली नसती.

दुपारभर त्यांनी पोत्यांच्या खोलीत तालीम केली; कानावर पडू नये म्हणून गिरणीवाला तेवढा वेळ गावात निघून गेला होता. मी वरच्या खोलीत आडवी पडले होते. फळ्यांच्या जमिनीतून सगळं ऐकू येत होतं. चौदा वर्षं जी गाणी झोपेतही म्हणता आली असती ती कुणालाच धड येत नव्हती. मग कुजबुज, मग एकीचं रडणं, मग कुणीतरी तिला दटावणं. पाच वाजता सगळ्या आपापल्या घरी गेल्या. रात्रीच्या जेवणाला वहिनींनी सगळ्यांना वाढलं आणि स्वतः दोन घास खाल्ले. तालीम कशी झाली म्हणून नवऱ्याने विचारलं, तर बरी झाली म्हणाल्या. त्याने मान डोलावली आणि आपला निळा पंचा वाऱ्याने उडाला तर नाही ना, हे बघायला मैदानावर जाऊन आला.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात वहिनींनी ते सांगून टाकलं. तो टेबलाशी बसून बुटांना पॉलिश करत होता. मी चहा घेत होते. बारा वाजता बिल्लेवाल्यांकडे जाऊन नाही म्हणून सांगणार, असं त्या म्हणाल्या. त्याच्या हातातला ब्रश थांबला. का, असं त्याने विचारलं. त्यांना नीट सांगता येईना. त्या म्हणाल्या, "तोंड उघडलं की पायाखाली काहीच नाही असं वाटतं. इथे मागच्या खोलीत कधी असं झालं नाही. काल तिथेसुद्धा झालं."

आता माझ्या जिभेला हाड नाही, हे माझं सगळं खातं जाणून होतं. मी विचार न करता बोलून गेले. कुठलाही काटा तपासायचा तर आधी तो शून्यावर आणावा लागतो. शून्य हललेलं असेल तर वर ठेवलेलं सगळंच खोटं. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते मला एकदम दिसलं. या बायकांचं शून्य म्हणजे गिरणीची घरघर. त्या चौदा वर्षं तिच्यावर उभ्या राहून गात होत्या, आणि त्यांना ते माहीतच नव्हतं, कारण ती कधी बंद नसायचीच. काल बंद होती.

मी हे सगळं म्हणाले. म्हणून झाल्यावर समोरच्या बुटांकडे माझी नजर गेली, आणि आपण काय केलं ते माझ्या लक्षात आलं. उशीर झाला होता. मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही कधी कधी वाटतं.

तो उठला, खाली गेला आणि खटका दाबला. जमीन थरथरायला लागली. वहिनी पोत्यांच्या खोलीत गेल्या आणि पोस्टातलीला, शिवणवालीला, जी भेटेल तिला हाका मारून आणलं. पाच जणी जमल्या. त्या गायला लागल्या आणि दारात उभ्या असलेल्या मलाही कळलं की आता सगळं जागेवर आहे. पोस्टातली बाई गाता गाताच हसायला लागली.

पुढचा भाग जास्त कठीण होता. मोटार चालू ठेवून तो मैदानावर येऊ शकतो का, हे त्याने करून बघितलं. धान्य घालायचं थांबवलं की दगड हलके फिरायला लागत आणि घरघर वर चढे. धान्य फार पडलं की ती खाली बसे. ती एका जागी राहायची तर कुणीतरी तिथे उभं राहून सारख्या मापाने ओंजळ ओंजळ गहू सोडत राहायला हवं. शिवाय रिकामी चालवली तर दगडावर दगड घासतो आणि दोन्ही कामातून जातात. पोस्टातलीने मोबाईलवर घरघर भरून घ्यायचं सुचवलं. भरून घेतली, तर त्यातून नुसती खरखर आली. ते धान्य सोडायचं काम मी करते म्हणाले. त्याने मला तीन मिनिटं करू दिलं. मी अर्धा अर्धा किलो अगदी मोजून टाकत होते, तरी घरघर जिना चढल्या-उतरल्यासारखी वर-खाली होत होती. वजनाचा प्रश्नच नव्हता. तो दगडाचा आवाज ऐकून टाकायचा, आणि तेही कानाने नाही, तळपायाने. हे काम त्या गावात एकालाच येत होतं.

समितीची परवानगी काढू या, असं मी सुचवलं. ती मिळणार नाही म्हणाला. आठ वर्षं त्यांना जे ऐकवलं आहे, त्यानंतर कुठल्या तोंडाने मागू?

वहिनी त्याच्या शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही कसं ऐकणार?"

"आं?" तो म्हणाला.

मोटार बंद होती. त्या त्याच्या उजव्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दुपारी साडेतीनला मी मैदानावर निघाले तेव्हा तो गिरणीत होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायांत पॉलिश केलेले बूट. हे घालून पिठात उभं राहणार का, असं मी विचारलं नाही. त्याने गव्हाचं पोतं सोडून ठेवलं होतं आणि बाह्या नीट तीन घड्या घालून वर केल्या होत्या. "माझ्या जागेवर तुम्ही बसा ताई," तो म्हणाला. "आणि नंतर सांगा मला. बरोबर सांगा." बरोबर सांगणं हा माझा जन्माचा धंदा, पण असलं मोजायचं काम मला कुणी कधी दिलं नव्हतं. मी तिसऱ्या रांगेत जाऊन डाव्या टोकाच्या खुर्चीचा पंचा सोडला, घडी करून मांडीवर ठेवला आणि बसले.

चारला दोन मिनिटं कमी असताना गिरणी सुरू झाली.

मैदानावर तीनशे माणसं असतील. सगळ्यांनी माना वळवल्या. बिल्लेवाले मंचाच्या पायरीवरून उतरले ते तरातरा गिरणीच्या दिशेने निघाले, आणि त्यांची वाट माझ्या खुर्चीवरून होती. मी उठून उभी राहिले. ते म्हणाले, बाजूला व्हा, त्या माणसाने कमाल केली आहे, आता मी पोलीसच बोलावतो. मी म्हणाले, थांबा. त्यांनी विचारलं तुम्ही कोण. मी माझ्या खात्याचं नाव आणि हुद्दा सांगितला. निवृत्त हा शब्द तेवढा विसरले. पस्तीस वर्षं ज्या आवाजाने दुकानदारांना वह्या बाहेर काढायला लावल्या, तो आवाज अजून शाबूत होता. "वीस मिनिटं कुणी हलायचं नाही," मी म्हणाले. कुठल्या कलमाखाली, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही, कारण तेवढ्यात गाणं सुरू झालं.

मंचावर त्या आठ जणींचे खांदे खाली आलेले मला दिसले. घरघर दुरून येत होती, कानाला लागावी एवढी मोठी नाही, पण पायाला कळत होती. त्यांनी पहिली ओळ घेतली आणि ती तिथेच बसली. दुसरी घेतली. कुठली कुणाची हे वेगळं काढता येऊ नये, असे ते आठ आवाज होते. बिल्लेवाले माझ्या शेजारी तसेच उभे राहिले. मग त्यांनी मान तिरकी केली. मग रांगेच्या टोकाला जमिनीवरच बसले.

तिसरं गाणं वहिनींचं एकटीचं होतं. बाकीच्या फक्त शेवटच्या ओळीला येणार. त्यांचा आवाज गोड म्हणावा असा नव्हता. जाडसर होता, भरड, आणि त्यात घाई नव्हती. मी ज्या बाईच्या हातचा चहा तीन दिवस घेतला तिच्यात हा आवाज कुठे ठेवलेला होता, हे मला कळेना. मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटत नाही. ते बरोबर सांगण्यात धरायचं की नाही, याचा मी विचार करत होते.

आणि त्याच वेळी घरघर वर चढली.

थोडीच. पण मी सकाळी स्वतः ती चढवलेली असल्याने मला लगेच कळलं. गहू कमी पडत होता. म्हणजे ओतणारा हात तिथे नव्हता. मी मागे वळून गिरणीकडे बघितलं. मागच्या दारात, पोत्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर, कुणीतरी उभं होतं. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता. उजवा कान मंचाकडे करून वळवलेली मान तेवढी दिसत होती.

मंचावर वहिनी गातच होत्या. घरघर चढली तशा त्याही चढल्या, न थांबता, आणि शेवटच्या ओळीला आलेल्या सात जणी त्यांच्याबरोबर चढल्या. एकीनेही दुसरीकडे बघितलं नाही. दोन श्वास त्या तिथे वर राहिल्या. मग उंबऱ्यावरचा माणूस नाहीसा झाला, घरघर खाली यायला लागली आणि त्याही तिच्याबरोबर हळूहळू खाली उतरून पूर्वीच्या जागी आल्या. सगळं मैदान गप्प झालं होतं. मग टाळ्या पडल्या त्या पडतच राहिल्या. बिल्लेवाले मला म्हणाले की असं एका वेळी आठ जणींना वर नेणं फार अवघड असतं, यांना हे कुणी बसवून दिलं? मी सांगितलं की बसवणारे गावातलेच आहेत.

कार्यक्रम संपल्यावर बायकांभोवती गर्दी झाली. मी सरळ गिरणीत गेले. त्याने नुकताच खटका बंद केला होता. शर्ट गळ्यापासून कमरेपर्यंत पांढरा, बूटही पांढरे. तो पोत्यावर बसला होता आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बिघडवलं ना मी? मधेच सोडून गेलो. दोनच पावलं गेलो हो, पण गेलो."

मी त्याला बरोबर सांगितलं. तो दाराशी गेला तेव्हा गिरणी किती चढली ते सांगितलं, आणि त्या आठही जणी तिच्याबरोबर तेवढ्याच चढल्या हेही. तो परत आला तशा त्या खाली आल्या. फरक तसूभरही नव्हता. लोकांना वाटलं गाणंच तसं आहे. त्याने ते सगळं मान खाली घालून ऐकलं आणि मग विचारलं की ती स्वतः कशी गायली. मी म्हणाले की हे मापायचं माझ्याकडे काही नाही.

तेवढ्यात वहिनी आल्या. हातात कुणीतरी दिलेली फुलं होती. ती त्यांनी काट्यावर ठेवली. दारातूनच म्हणाल्या, "उंबऱ्यापर्यंत आला होतात."

"उंबऱ्यापर्यंतच," तो म्हणाला.

"ऐकू आलं?"

त्याने मान हलवली. मोटार मागेच होती ना, म्हणाला. तिच्यापुढे काय ऐकू येणार? गिरणी इतकी शांत होती की काट्यावरच्या फुलांचा कागद करकरला तो ऐकू आला. त्याने पोत्यावर सरकून जागा केली, आपल्या उजव्या बाजूला. त्या बसल्या. एक ओळ म्हण, असं तो म्हणाला, आणि या वेळी त्या लाजून आत गेल्या नाहीत. त्यांनी तोंड उघडलं, एक सूर काढला आणि थांबल्या.

"लागत नाही. चालू करा मोटार, मग म्हणते."

"नको," तो म्हणाला. "चालू केली की मला ऐकू येत नाही. चुकलं तर चुकलं. असंच म्हण."

त्यांनी गायला सुरुवात केली. मी जिन्याकडे निघाले होते, पण तिसऱ्या पायरीवर थांबले. पहिली ओळ एकीकडे गेली, दुसरी दुसरीकडे. तासापूर्वी तीनशे माणसांना गप्प करणारं तेच गाणं जागा शोधत भरकटत होतं. त्या मध्ये एकदा हसल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि शेवटपर्यंत गेल्या. तो उजवा कान त्यांच्या तोंडाशी नेऊन, डोळे मिटून बसला होता. पांढऱ्या झालेल्या भुवया जराही हलत नव्हत्या.

सूर चुकलेला होता, हे माझ्यासारखीलाही कळत होतं. त्याला कळलं की नाही, ते मी विचारलं नाही.